वाचक विचारतात : जॉनी कॅशची गाणी ऐकताना आणि वाजवताना

गेल्या अंकात आम्ही जॉनी कॅशची आवडती गाणी कळवायला सांगितलं होतं. नावं आलीच, पण त्यांच्याबरोबर प्रश्नही आले आणि ते नावांपेक्षा जास्त रंजक निघाले. ज्यांना हा गायक नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: जन्म १९३२, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात. डायस या वसाहतीत कापसाच्या शेतावर बालपण, १९५५ पासून मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स या कंपनीसाठी ध्वनिमुद्रणं, १९५८ पासून कोलंबिया या कंपनीसाठी, १९९४ पासून रिक रुबिन या निर्मात्याबरोबरची अखेरची पर्वं. मृत्यू सप्टेंबर २००३.

प्रश्न : सुरुवात कोणत्या गाण्यांपासून करावी? मोबाइलवर शोधलं तर एकाच गाण्याची चार-चार ध्वनिमुद्रणं सापडतात आणि त्यातलं एखादं अगदीच मिळमिळीत निघतं.

तुमचा कान बरोबर सांगतोय. कॅशने स्वतःची गाजलेली गाणी पुन्हापुन्हा ध्वनिमुद्रित केली. सन रेकॉर्ड्स सोडल्यावर १९६४ मध्ये ‘आय वॉक द लाइन’ याच नावाची तबकडी कोलंबियाने काढली. तिच्यात सनच्या काळातली बरीच गाणी नव्याने गायलेली आहेत. १९८८ मध्ये मर्क्युरी या कंपनीसाठीही त्याने जुन्या गाण्यांचा असाच एक संच केला. स्वस्तातल्या संकलनांमध्ये ही नवी रूपं बेधडक मिसळलेली असतात आणि बाहेर नाव तेच.

ओळखायची सोपी खूण म्हणजे ड्रम. १९५५-५६ च्या सन रेकॉर्ड्समध्ये कॅशच्या साथीला फक्त दोघं होते: विजेच्या गिटारवर ल्यूथर पर्किन्स आणि उभ्या बासवर मार्शल ग्रँट. त्यांचं नाव ‘टेनेसी टू’. ड्रमवाला डब्ल्यू. एस. हॉलंड १९६० मध्ये आला, तेव्हा ‘टू’चे ‘थ्री’ झाले. म्हणून ‘आय वॉक द लाइन’मध्ये ड्रमचा ठोका स्पष्ट ऐकू आला, तर ते १९५६ चं मूळ गाणं नव्हे. तबकडीवर किंवा यादीत ध्वनिमुद्रणाचं वर्ष दिलेलं असेल तर तेवढं आधी बघा. प्रकाशनाचं वर्ष पुष्कळदा फसवतं.

पहिलं गाणं म्हणून आम्ही ‘बिग रिव्हर’ सुचवू. हे १९५८ चं, सनच्याच काळातलं. प्रेयसी मिसिसिपी नदीने खाली निघून गेली आहे आणि हा मागोमाग चालला आहे, एवढीच गोष्ट. पण नकाशा उघडून ऐका: मिनेसोटातलं सेंट पॉल, मग डेव्हनपोर्ट, सेंट लुईस, मेम्फिस, बॅटन रूज, न्यू ऑर्लिन्स आणि शेवटी आखात. एकही गाव उलटसुलट आलेलं नाही. नदी वाहते त्याच दिशेने गाणं वाहतं. त्यानंतर ‘गेट ऱ्हिदम’ आणि ‘गिव्ह माय लव्ह टू रोझ’ ऐका. ‘रिंग ऑफ फायर’ आणि ‘हर्ट’ कुठूनतरी कानावर पडतातच. ती शोधायला जावं लागत नाही.

प्रश्न : ‘आय वॉक द लाइन’ गिटारवर बसवतो आहे. कॉर्ड सोप्या आहेत, पण दर कडव्याला पट्टी बदलते तिथे मी हमखास सुटतो. शेवटचं कडवं तर गळ्यातून निघतच नाही.

हे गाणं पाच कडव्यांचं आहे. त्याला वेगळं ध्रुवपद नाही, प्रत्येक कडव्याच्या शेवटी शीर्षकाची ओळ येते. गिटारवर पट्ट्या अशा: पहिलं कडवं ई, दुसरं ए, तिसरं डी, चौथं परत ए, पाचवं परत ई. पाचव्यात शब्द पहिल्याचेच, पण पूर्ण एक सप्तक खाली.

आता मेख बघा. कोणतंही कडवं आपल्या घरच्या कॉर्डवर सुरू होत नाही, ते पंचमाच्या कॉर्डवर सुरू होऊन घरी येतं. ईच्या कडव्यात पहिली ओळ बी सेव्हनवरून ईवर येते, दुसरी तशीच, तिसरी एवरून ईवर आणि चौथी पुन्हा बी सेव्हनवरून ईवर. मग एच्या पट्टीतलं दुसरं कडवं कशावर सुरू होणार? ई सेव्हनवर. म्हणजे पहिलं कडवं ज्या ईवर संपलं त्याच कॉर्डला एक बोट जोडलं की दार उघडतं. एवरून डीकडे जातानाही तेच, ए सेव्हन. जाताना पायऱ्या एकमेकींना चिकटलेल्या आहेत. येताना तशा नाहीत. डीवर थांबलेल्या हाताला एकदम ई सेव्हन पकडायची असते आणि चौथ्या कडव्यानंतर एवरून बी सेव्हन. बहुतेक लोक सुटतात ते परतीच्या या दोन ठिकाणी. म्हणून सराव सुरुवातीपासून करू नका. डी-ई सेव्हन-ए आणि ए-बी सेव्हन-ई एवढे दोनच तुकडे घ्या, प्रत्येक कॉर्डला आठ मात्रा द्या आणि हात डोळे मिटून जाईपर्यंत फिरवा.

कडव्यांच्या मधला तो लांब हुंकार शोभेचा नाही. बास आणि गिटार नव्या पट्टीकडे सरकत असताना कॅश पुढच्या कडव्याचा सूर त्या हुंकारात पकडून ठेवतो. तो गाळलात तर पहिला शब्द अंदाजाने लागतो आणि सूर पडतो. तोंड मिटून, नाकात घुमेल असा हुंकार द्या आणि शब्द सुरू होईपर्यंत तोडू नका.

शेवटच्या कडव्याबद्दल: पट्टी ठरवायची ती याच कडव्यावरून. पाचवं कडवं आधी गाऊन बघा. खर्जात नुसती हवा येत असेल तर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) एकेक फ्रेट, म्हणजे गळ्यावरचं एकेक घर, वर सरकवा. पण तेवढ्यावर समाधान मानू नका, त्याच कॅपोवर पाचही कडवी गाऊन बघा, कारण मधलं एखादं तुमच्या आवाक्याबाहेर वर गेलेलं असेल. दोन्ही टोकं साधत नसतील तर पाचवं कडवं पहिल्याच सप्तकात, पण आवाज निम्म्यावर आणून गा. जोर लावून खर्ज येत नाही. घसा दाबला की सूर उलट वर चढतो.

एक गोष्ट जाता जाता. कॅशच्या मनात हे गाणं संथ होतं. सन रेकॉर्ड्सच्या सॅम फिलिप्सने ते जलद गतीत गाऊन घेतलं आणि लोकांपर्यंत पोचलं ते तेच. संथ गतीत गाऊन बघा, हुंकार लांबत जातात आणि गाणं लोंबकळायला लागतं. फिलिप्सचं म्हणणं योग्य होतं.

प्रश्न : ड्रम नसताना त्या जुन्या गाण्यांत रेल्वेसारखा ‘छक-छक’ आवाज कशाचा? गिटारमध्ये कागद घालतात असं ऐकलं. नेमका कुठे आणि कसा?

कागदाचाच. त्या काळच्या कंट्री संगीतात, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या गाण्यांत, ड्रमला फारशी जागा नव्हती, म्हणून कॅशने आपल्या साध्या गिटारच्या तारांत कागद अडकवून स्नेअर ड्रमची खरखर काढली. कागद म्हणून एक डॉलरची नोट वापरल्याचंही प्रसिद्ध आहे. ती नोट साधारण १५.६ सेंटिमीटर लांब आणि ६.६ सेंटिमीटर रुंद असते. त्या मापाचा कोणताही चिवट कागद चालतो.

कागदाची लांबीच्या बाजूने तीन पदरी घडी घाला. दोन सेंटिमीटरच्या आसपास रुंदीची पट्टी होईल. ती तारांतून चटई विणल्यासारखी ओवा: सहाव्या तारेच्या खालून, पाचवीच्या वरून, चौथीच्या खालून, अशी पहिलीपर्यंत. दोन्ही बाजूंना टोकं मोकळी राहू द्या. पट्टी गिटारच्या गळ्याच्या शेवटी, जिथे गळा खोडाला मिळतो तिथल्या फ्रेटवर आणा. डाव्या हाताच्या कॉर्ड मोकळ्या राहतात आणि पिकही कागदाला लागत नाही.

बिघडतं ते असं. कागद जाड असेल तर तारा मुक्या होतात आणि नुसता ‘ठक्’ येतो. फार पातळ असेल तर दोन गाण्यांत फाटतो. गुळगुळीत, चकचकीत कागद सरकत सरकत खाली येतो. पट्टी ब्रिजजवळ (खोडावर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे) नेलीत तर सूर स्पष्ट राहतो, पण खरखर जाते. आणि ही गिटार सुरांसाठी नाही हे लक्षात ठेवा. तिच्याकडे ठेका आहे, सूर ल्यूथरकडे.

उजव्या हाताचं वजन असं: पहिल्या मात्रेला खर्जाची तार, दुसरीला खाली-वर झटका, तिसरीला दुसरी खर्जाची तार, चौथीला पुन्हा झटका. ई धरली असेल तर आधी मोकळी सहावी तार, मग पाचवी दुसऱ्या फ्रेटवर. एमध्ये मोकळी पाचवी आणि मग मोकळी सहावी. बी सेव्हनमध्ये पाचवी दुसऱ्या फ्रेटवर आणि मग तेच बोट उचलून सहावीच्या दुसऱ्या फ्रेटवर. हे बोट उचलणं उशिरा होतं आणि गाडी रुळावरून घसरते. झटका लहान ठेवा, पातळ तीन तारांपुरता. सहाही तारा झोडपल्या तर खर्ज आणि झटका यांतला फरकच उरत नाही.

ल्यूथर पर्किन्सची बाजू वाजवणाऱ्यांसाठी: उजव्या तळहाताची कड ब्रिजवर हलकी टेकवा, तार ‘टुक्’ अशी आखूड वाजली पाहिजे. त्याच्या वादनात एकही फालतू सूर नाही. भरणा करायचा मोह आवरणं हेच त्यातलं अवघड काम आहे. घरी ध्वनिमुद्रण करत असाल तर सनच्या खोलीतला प्रतिध्वनी मिळवायला एकच पुनरावृत्ती ठेवा, १०० ते १५० मिलिसेकंदांच्या अंतराने. दोन-तीन पुनरावृत्त्या ठेवल्या की ठेका चिखलात रुततो.

प्रश्न : ‘फॉलसम प्रिझन ब्लूज’मधला माणूस खून करतो नेवाडातल्या रीनोत आणि तुरुंगात कॅलिफोर्नियात. हे कसं? आणि त्या ओळीवर कैदी जल्लोष करतात तो खरा आहे का?

कायद्याच्या अंगाने गाण्यात याचं उत्तर नाही. कॅश अमेरिकी हवाई दलात असताना जर्मनीत लँड्सबर्गला होता. तिथे फॉलसम तुरुंगावरचा एक चित्रपट पाहून त्याने हे लिहिलं. माणूस मारण्याचं सर्वांत वाईट कारण कोणतं असेल, याचा विचार करून ‘नुसतं त्याला मरताना बघायला’ एकाला गोळी घातल्याची ती ओळ सुचली असं तो सांगत असे. रीनो तिथे नादासाठी बसलं आहे.

चाल आणि बऱ्याच ओळी गॉर्डन जेंकिन्सच्या १९५३ च्या ‘क्रेसेंट सिटी ब्लूज’वरून आलेल्या आहेत. पुढे कॅशला त्यापोटी सुमारे ७५,००० डॉलर द्यावे लागले. दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकावीत. जेंकिन्सचं गाणं संथ, उदास, एका स्त्रीचं आहे. कॅशने तीच आगगाडी तुरुंगाच्या भिंतीपलीकडे नेली आणि त्याने गाण्याचा अर्थच पालटला. तरी उसनवारी ती उसनवारीच, आणि श्रेय जेंकिन्सला सुरुवातीलाच मिळायला हवं होतं.

जल्लोषाबद्दल: १३ जानेवारी १९६८ ला फॉलसममध्ये कार्यक्रम झाला तेव्हा कैद्यांनी त्या ओळीवर आरोळी ठोकली नव्हती. ती तबकडी तयार करताना नंतर घातलेली आहे. बाकीचं वातावरण मात्र खरं. सूचनांचे लाऊडस्पीकर, भांडी, हशा हे सगळं तिथलंच. त्या दिवशी दोन कार्यक्रम झाले आणि मूळ तबकडीतली जवळजवळ सगळी गाणी पहिल्या कार्यक्रमातली आहेत. दुसऱ्यातली फक्त दोन घेतली. फरक स्वतः ऐकायचा असेल तर २००८ ची आवृत्ती घ्या, तिच्यात दोन्ही कार्यक्रम आहेत. शेवटचं ‘ग्रेस्टोन चॅपेल’ मुद्दाम ऐका. ते तिथल्याच ग्लेन शर्ली या कैद्याने लिहिलेलं आणि कॅशने आदल्या रात्री बसवलेलं. त्याचा लेखक समोर श्रोत्यांत बसला आहे, हे माहीत असलं की ऐकणं बदलतं.

प्रश्न : आमच्या गटात ‘रिंग ऑफ फायर’ घेतो. ट्रम्पेटचा तुकडा दर वेळी कोणीतरी लवकर वाजवतं नाहीतर उशिरा. चूक कोणाची?

कोणाचीच नाही, मोजण्याच्या पद्धतीची आहे. तुम्ही चार-चार मात्रा धरून चालला असाल, पण या गाण्याची कडवी त्या चौकटीत सरळ बसत नाहीत. ओळ संपून ट्रम्पेट येताना मात्रा कमी-जास्त होतात. बासवाल्याने मूळ रेकॉर्ड लावून प्रत्येक ओळीखाली मात्रांच्या रेघा ओढाव्यात आणि तो कागद सगळ्यांना द्यावा. ड्रमवाल्याने सवयीने समेवर झांज मारू नये. ती चुकीच्या जागी पडली की बाकीचे तिच्यामागे जातात. ध्रुवपद मात्र सरळ चालतं, तिथे श्वास घ्यायला सापडतो. जीच्या पट्टीत तीनच कॉर्ड पुरतात: जी, सी, डी. ध्रुवपद डीवर सुरू होतं आणि सीवरून जीवर उतरतं.

गाणं जून कार्टर आणि मर्ल किलगोर यांचं. आधी जूनच्या बहिणीने, अनिता कार्टरने ते गायलं. तिच्या आवाजात ते हळवं लोकगीत आहे. कॅशने मार्च १९६३ मध्ये मेक्सिकन मारियाची पद्धतीच्या ट्रम्पेट घालून ते ध्वनिमुद्रित केलं. ही मांडणी बसवायला जॅक क्लेमेंट मदतीला होता. लोकप्रिय गाण्यांच्या कंट्री यादीत ते सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. ट्रम्पेट नसतील तर तो तुकडा दोन आवाजांत गुणगुणा. गिटारवर काढलात तर त्याची धार बोथट होते.

प्रश्न : ‘अ बॉय नेम्ड सू’ तो वाचून म्हणतोय असं का वाटतं?

कारण तो वाचूनच म्हणतोय. शेल सिल्व्हरस्टीनचं हे गाणं त्याने नुकतंच ऐकलेलं होतं. २४ फेब्रुवारी १९६९ ला सॅन क्वेंटिन तुरुंगात शब्दांचा कागद समोर धरून त्याने ते म्हटलं आणि साथीदारांनी जागच्या जागी साथ केली. तेच ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. म्हणताना चाल लावायच्या फंदात पडू नका. बोलायचं आहे, पण यमक ठोक्यावर पडलं पाहिजे, एवढंच सांभाळा. मूळ तबकडीत एका शिवीवर ‘बीप’ आहे, नंतरच्या आवृत्त्यांत शिवी परत आली.

प्रश्न : ‘हर्ट’ म्हणतो तेव्हा दुसऱ्या ध्रुवपदाला जीवच राहत नाही. कॉर्ड बरोबर आहेत. मग काय चुकतं?

बहुधा पहिल्याच ध्रुवपदात तुम्ही सगळं खर्च करून बसता.

हे गाणं नाइन इंच नेल्स या रॉक गटाच्या ट्रेंट रेझनरचं, १९९४ चं. कॅशने ते २००२ मध्ये गायलं आणि एकच शब्द बदलला: मुकुटाला लागलेली शिवी काढून तिथे काट्यांचा मुकुट आणला. कडव्यात ए मायनर, सी, डी एवढंच फिरतं. ध्रुवपदाआधी जी येते आणि ध्रुवपदात ए मायनर, एफ, सी, जी.

कडव्यात तारा झटकू नका. अंगठ्याने कॉर्डचा खर्ज आणि पाठोपाठ बोटांनी वरच्या दोन-तीन तारा, एवढंच. डीवर पोचल्यावर घाई होते, तिथे तार पूर्ण वाजू द्या. ध्रुवपदात मूळ ध्वनिमुद्रणातला पियानो ऐका. एकच सूर पुन्हापुन्हा आपटत राहतो, आणि तो वाढतो तो फक्त आवाजाने, नव्या सुरांनी नाही. तुमच्याकडेही तेच करायचं आहे. पहिल्या ध्रुवपदाला आवाज दहातला पाच, दुसऱ्याला नऊ. दुसऱ्या कडव्यावर परत येताना दोनवर उतरा. ही उतरण्याची हिंमत नसली तर दुसरी चढण चढायला जागाच राहत नाही.

आणि कॅशचा कापरा आवाज नक्कल म्हणून आणू नका. तो तेव्हा सत्तरीचा आणि आजारी होता, त्याला वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागत होता. तुम्ही फक्त श्वासाच्या जागा त्याच्यासारख्या घ्या, ओळी आपोआप आखूड आणि जड होतील.

प्रश्न : गाजलेल्यांपलीकडचं एखादं?

‘फाइव्ह फीट हाय अँड रायझिंग’, १९५९. डायसमधल्या १९३७ च्या पुरावरचं. पाण्याची पातळी दर कडव्याला एका फुटाने वाढते आणि पट्टीही वर चढते. दुसरं ‘द बॅलड ऑफ आयरा हेज’, १९६४, लेखक पीटर ला फार्ज. दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा या जपानी बेटावर अमेरिकेचा झेंडा उभारणाऱ्या आदिवासी सैनिकाच्या अखेरीचं हे गाणं वाजवायला अनेक रेडिओ केंद्रं कचरली, तेव्हा कॅशने ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकात पानभर जाहिरात देऊन त्यांना जाब विचारला. गाणं पुढे कंट्री यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. आमच्या मते त्याच्या साऱ्या कारकिर्दीतलं हे सर्वांत धाडसी गाणं आहे.

प्रश्न : ‘वन पीस अॅट अ टाइम’मधली गाडी खरी होती का?

गाणं वेन केम्पचं, १९७६ चं, गोष्ट कल्पित. डेट्रॉइटच्या कारखान्यातला कामगार जेवणाच्या डब्यातून कॅडिलॅकचे भाग वर्षानुवर्षं घरी आणतो. जोडायला बसतो तर गिअरबॉक्स १९५३ चा, इंजिन १९७३ चं, आणि बोल्टची भोकं एकमेकांना जुळत नाहीत. डाव्या बाजूला दोन दिवे, उजव्या बाजूला एक. गाणं गाजल्यावर वेगवेगळ्या सालांचे भाग जोडून तशी गाडी खरोखरच तयार करण्यात आली. शेवटची सालांची यादी म्हणून बघणाऱ्यांनी आधी ती संथपणे पाठ करावी. कॅश ती एका दमात म्हणतो, आणि मध्ये अडखळलं की पुन्हा पकडायला जागा नाही.